सजीवांचे परस्परसंबंध

सजीवांचे परस्परसंबंध : (परिस्थितिविज्ञान). एकाच परिसरात राहणाऱ्या निरनिराळ्या जातींच्या सजीवांचा एकमेकांच्या जगण्यावर, वाढीवर आणि प्रजननावर होणारा परिणाम. एखादी जाती कोठे टिकेल, तिची संख्या किती राहील आणि एकूण परिसंस्थेचे रूप कसे असेल, हे पाणी, माती व हवामान यांच्याइतकेच या संबंधांवर ठरते. जंगलातल्या जातींची यादी कितीही पूर्ण असली, तरी कोण कोणाला खातो, कोण कोणाचे बी वाहून नेतो आणि कोण कोणाला हुसकावतो हे कळल्याशिवाय त्या जंगलाचे चलनवलन कळत नाही.

प्रकार : स्पर्धा, भक्षण, परजीवन, सहोपकार (दोघांचा लाभ) आणि सहभोजन (एकाचा लाभ, दुसऱ्याला विशेष फरक नाही) असे पाच मुख्य प्रकार मानतात. चरणाऱ्या गुरांच्या पायांजवळून उडणारे किडे टिपणारा गायबगळा हे सहभोजनाचे परिचित उदाहरण. चंदनाचे झाड अर्धपरजीवी असते. ते स्वतःचे अन्न पानांत तयार करते, पण शेजारच्या झाडांच्या मुळांतून पाणी व क्षार ओढून घेते. म्हणूनच चंदनाची लागवड करणारे शेतकरी रोपांलगत तूर लावतात. आंब्यावरचे बांडगूळ बागायतदाराला नकोसे असते हे खरे. परंतु त्याच्या फुलांतील मध शिंजीर पितो, फळे फुलटोच्या खातो आणि चिकट बिया दुसऱ्या फांदीवर नेऊन लावतो. एकाच वनस्पतीचा एका जातीशी परजीवनाचा आणि दुसरीशी सहोपकाराचा संबंध असू शकतो. त्यामुळे हे वर्गीकरण सोयीपुरतेच समजावे.

संख्येतील चढउतार : पहिल्या महायुद्धात एड्रिॲटिक समुद्रातील मासेमारी मंदावली, तेव्हा बाजारात येणाऱ्या मासळीत शार्कसारख्या शिकारी माशांचे प्रमाण वाढल्याचे उम्बेर्तो द’आन्कोना यांच्या लक्षात आले. त्यांनी हा प्रश्न गणिती व्हितो व्होल्तेरा यांच्यापुढे ठेवला. व्होल्तेरा यांनी १९२६ मध्ये मांडलेली समीकरणे अमेरिकेतील आल्फ्रेड लोटका यांनी १९२५ मध्येच स्वतंत्रपणे दिली होती. भक्ष्य वाढले की भक्षक वाढतात, त्यांनी भक्ष्य घटवले की उपासमारीने तेही घटतात आणि चक्र पुन्हा सुरू होते, असे ही समीकरणे सांगतात. कॅनडातील हिमससा व लिंक्स यांची संख्या साधारण दहा वर्षांच्या अंतराने अशीच वरखाली होते. हडसन्स बे कंपनीच्या कातडी-व्यापाराच्या नोंदींत ते दिसते. मात्र निसर्गातले कारण इतके सरळ नाही. युकॉन प्रदेशात चार्ल्स क्रेब्ज आणि सहकाऱ्यांनी काही क्षेत्रांत सशांना जादा अन्न दिले, तेव्हा त्यांची संख्या सुमारे तिप्पट झाली; सस्तन भक्षकांना कुंपणाने रोखले तेथे दुप्पट झाली; दोन्ही एकदम केले तेथे ती सुमारे अकरापट झाली. भूक आणि भक्षक यांचे परिणाम एकमेकांत मिसळून वाढतात, ही या प्रयोगाची मोलाची शिकवण आहे.

कळीची जाती : संख्येने थोडी असूनही जिच्यावर इतर अनेकांचे अस्तित्व अवलंबून असते, अशी जाती. अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्यावरील खडकांवरून रॉबर्ट पेन यांनी १९६३ पासून एका जातीचे तारामासे उचलून टाकण्याचा प्रयोग केला. तारामासे ज्यांना खात असत त्या शिंपल्यांनी मोकळा खडक व्यापला आणि मोजलेल्या १५ जातींपैकी ८ उरल्या. पेन यांनी १९६९ मध्ये ही संज्ञा वापरली. येथे भक्षक हाच दुबळ्यांचा रक्षक होता, कारण सर्वांत बलवान स्पर्धकाला तोच आवर घालत होता.

महाराष्ट्रात कळीच्या जातीचे उदाहरण म्हणून उंबराकडे पाहावे. उंबराचे ‘फळ’ म्हणजे आतल्या बाजूला शेकडो बारीक फुले असलेला पोकळ फुलोरा. मुखाशी असलेल्या अरुंद वाटेने चिमुकली मादी गांधीलमाशी आत शिरते, त्यात तिचे पंख तुटतात. परागण करून, काही फुलांत अंडी घालून ती तेथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखांचे नर माद्यांशी समागम करतात आणि बाहेर पडण्याची वाट कोरतात. पराग घेऊन निघालेल्या मादीचे आयुष्य फार थोडे, एकदोन दिवसांचे असते. तेवढ्यात तिला योग्य अवस्थेतला दुसरा उंबर सापडला पाहिजे. परिसरातले सगळे उंबर एकाच वेळी बहरले असते तर ही माशी टिकली नसती. ते वेगवेगळ्या काळी फळतात, आणि त्यामुळे इतर झाडांवर काही नसते तेव्हाही हरियाल, धनेश, वटवाघळे, माकडे व उदमांजरे यांना कोठेतरी उंबर पिकलेला मिळतो. दत्तसंप्रदायातील पूज्यभावामुळे औदुंबरावर सहसा कुऱ्हाड चालत नाही, याचा लाभ या सर्वांना झाला आहे.

साखळीपरिणाम : दोन जातींमधील संबंध बिघडला की धक्का दूरवर पोहोचतो. केनियातील लैकिपिया प्रदेशात बाभळीच्या एका जातीच्या फुगीर, पोकळ काट्यांत मुंग्या राहतात आणि पाला खायला आलेल्या हत्तींना चावून पळवतात. बाहेरून आलेल्या मोठ्या डोक्याच्या मुंग्यांनी या रक्षक मुंग्यांचा संहार केला. हत्तींनी झाडे मोडली, माळ उघडा पडला आणि झेब्र्यावर दबा धरायला सिंहांना आडोसा राहिला नाही. सिंहांच्या शिकारीतील झेब्र्यांचा वाटा २००३ मधील ६७ टक्क्यांवरून २०२० पर्यंत ४२ टक्क्यांवर आला, असे २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन सांगते. सिंहांची संख्या मात्र घटली नाही. ते रानम्हशींकडे वळले.

भारतातील सर्वांत दुःखद उदाहरण गिधाडांचे आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानातील त्यांची घट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे विभू प्रकाश यांनी नोंदवली. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातील संख्या सुमारे ९९.९ टक्क्यांनी कमी झाली. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मृत जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाते आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात, हे लिंडसे ओक्स व सहकाऱ्यांनी पाकिस्तानातील अभ्यासावरून २००४ मध्ये सिद्ध केले. एका मढ्यावर अनेक गिधाडे जमतात. म्हणून शंभरात एकाहून कमी मढी विषारी असली तरी एवढा ऱ्हास घडायला पुरेशी होती. उघड्यावर कुजणारे मांस भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आले, कुत्रे वाढले आणि त्यांच्याबरोबर रेबीजचा धोकाही वाढला. मुंबईच्या डुंगरवाडीतील पारशी समाजाची अंत्यविधीची परंपराही यामुळे अडचणीत आली. ईयल फ्रँक व अनंत सुदर्शन यांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार गिधाडे नाहीशी झाल्यामुळे २००० ते २००५ या वर्षांत भारतात सुमारे पाच लाख जादा माणसे मृत्युमुखी पडली. ज्या पक्ष्याला आपण अशुभ मानत आलो, त्याच्या कामाची ही किंमत आहे.

जनावरांसाठी डायक्लोफिनॅक वापरण्यावर भारताने २००६ मध्ये बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहे. बंदीनंतर घसरणीचा वेग ओसरला, पण गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू प्रजननक्षम होण्यास सुमारे पाच वर्षे लागतात. पंधरा वर्षांत झालेली हानी भरून यायला म्हणूनच कित्येक दशके लागतील.