दिनविशेष : २ एप्रिल – किरण नगरकर

जाहिरातींत कॉपी लिहून पोट भरणारा हा कादंबरीकार २ एप्रिल १९४२ रोजी मुंबईत जन्मला. बहुतेक शिक्षण इंग्रजीतून होऊनही पहिली कादंबरी त्यांनी मराठीत लिहिली : 'सात सक्कं त्रेचाळीस' (१९७४). पाढा मुद्दामच चुकवलेला! शीर्षकातच वाचकाला पकडण्याची ही हातोटी कॉपीरायटरला न शोभली तरच नवल. महाभारतावरचे 'बेडटाइम स्टोरी' हे नाटक मात्र सेन्सॉर आणि धमक्यांच्या कचाट्यात सापडून कितीतरी वर्षे रखडले.

'रावण अँड एडी'चा आरंभ पटकथा म्हणून झाला. तिची पुढे कादंबरी झाली. माझगावच्या चाळीच्या सज्जातून तान्हा राम खाली पडतो, त्याला झेलताना शेजारचा व्हिक्टर प्राण गमावतो आणि दृष्ट लागू नये म्हणून आई पोराचे नाव रावण ठेवते. कॅमेऱ्याला हवे ते सगळे पहिल्याच प्रसंगात आहे. मीरेच्या नवऱ्याची कैफियत मांडणाऱ्या 'ककोल्ड'ला २००० साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. देव बेनेगल यांच्या 'स्प्लिट वाइड ओपन'मध्ये नगरकर स्वतः पडद्यावरही दिसले. ५ सप्टेंबर २०१९ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.