माळ्यावरचा टीव्ही गेम

गेल्या दिवाळीत कारेगावच्या घराचा माळा साफ करताना एक जुना टीव्ही गेम हाती लागला. पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडलेले, दोन रिमोट वायरीने यंत्राला कायमचे जोडलेले, सोबत एक प्लॅस्टिकची बंदूक आणि एक पिवळी कॅसेट. यंत्रावर कारखान्याचे नाव नाही, देशाचेही नाही. १९९६ साली वडिलांनी तो पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणला होता. रांजणगावची औद्योगिक वसाहत तेव्हा नुकती उभी राहू लागली होती आणि आमच्या गावाभोवती अजून बाजरी-कांद्याचीच शिवारे होती.

भाच्याने यंत्र घरातल्या नव्या सपाट टीव्हीला जोडले. कॅसेट बसेना, तेव्हा मी सवयीने तिच्या तोंडात फुंकर मारली. (फुंकरीने काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा घातल्यामुळे तांब्याच्या पट्ट्या घासल्या जातात, एवढेच.) मारिओ पूर्वीसारखा धावू लागला. पण बदके मारण्याचा खेळ लावला तेव्हा बंदुकीने एकही बदक पडेना. ‘मामा, बंदूक बिघडली,’ असे भाचा म्हणाला. बंदूक उघडून तपासली, तर ती उत्तम होती.

या कोड्याचे उत्तर देण्यापूर्वी यंत्राची ओळख करून घेऊ. जपानच्या निंटेंडो कंपनीने १५ जुलै १९८३ रोजी ‘फॅमिली कॉम्प्युटर’ नावाचे खेळयंत्र बाजारात आणले. किंमत होती १४,८०० येन. जपानी मुलांनी नाव आखडून ‘फॅमिकॉम’ केले. त्याची रचना मासायुकी उएमुरा या अभियंत्याच्या देखरेखीखाली झाली. त्यातील सूक्ष्मप्रक्रियक १९७५ सालच्या प्रसिद्ध ६५०२ या प्रक्रियकावर बेतलेला होता आणि त्याचा वेग सेकंदाला सुमारे १८ लाख ठोके एवढा होता. कामाची स्मृती अवघी २ किलोबाइट, आणि चित्रासाठी आणखी २ किलोबाइट.

येथे एक छोटे गणित वर्गात करून पाहण्याजोगे आहे. पडद्यावर २५६ × २४०, म्हणजे ६१,४४० ठिपके. प्रत्येक ठिपक्यासाठी फक्त चार रंगांपैकी एक निवडायचा म्हटले तरी दोन बिट लागतात, म्हणजे एका चित्राला १५,३६० बाइट. चित्राची स्मृती तर २,०४८ बाइटची! मग हे जमले कसे? दारात रांगोळीचा छाप उठवणाऱ्या बाईला याचे उत्तर लगेच कळेल. ८ × ८ ठिपक्यांचे २५६ छाप कॅसेटमध्येच कोरून ठेवलेले असतात, प्रत्येकी १६ बाइटचे. यंत्राने फक्त कोणत्या घरात कोणता छाप उठवायचा तेवढे लक्षात ठेवायचे. पडद्यावर ३२ × ३० म्हणजे ९६० घरे, म्हणून ९६० बाइट, आणि रंगांच्या वाटपासाठी आणखी ६४. एका पडद्याचा हिशेब १,०२४ बाइटमध्ये मिटतो. १९८५ सालच्या ‘सुपर मारिओ ब्रदर्स’मधील ढग आणि झुडूप नीट पाहा. आकार एकच आहे, रंग तेवढा बदलला आहे. तो सगळा खेळ ४० किलोबाइटचा आहे. आज मोबाइलवर काढलेले एक साधे छायाचित्र त्याच्या कितीतरी पट जागा घेते.

हलत्या आकृत्यांची तऱ्हा निराळी. त्या एका वेळी जास्तीत जास्त ६४, आणि पडद्याच्या एका आडव्या रेषेवर फक्त ८. ‘काँट्रा’त शत्रूंची गर्दी झाली की माणसे लुकलुकू लागत, त्याचे कारण हेच. आम्हाला तेव्हा वाटे, वीज कमी आली.

आता त्या नसलेल्या नावाकडे येतो. निंटेंडोने १९८५ साली अमेरिकेत हे यंत्र नेले तेव्हा त्यात अनधिकृत कॅसेट ओळखणारी एक कुलूप-चिप बसवली. मूळ जपानी फॅमिकॉममध्ये मात्र असे कुलूप नव्हते. तैवानच्या युएमसी कंपनीने त्याच्या मुख्य चिपांच्या प्रतिकृती काढल्या, आपल्यासारख्या ५० हर्ट्झच्या टीव्हीसाठी वेगळ्या. पुढे सारे यंत्र एकाच चिपमध्ये मावू लागले. रशियात १९९२ साली ते ‘डेंडी’ नावाने विकले जाऊ लागले. आपल्याकडे ते नाना नावांनी आले, आणि कित्येकदा आमच्यासारखे नावावाचून. आमचे यंत्र उघडले तर हिरव्या पट्टीवर चिप दिसतच नाही. डांबराच्या थेंबासारखा एक काळा गोळा दिसतो. चिप त्याच्या पोटात आहे. ती बिघडली तर दुरुस्ती नाही.

ही नक्कल होती आणि कॅसेटमधले खेळ चोरीचे होते, हे झाकण्यात अर्थ नाही. ज्यांनी ते रचले त्यांना कारेगावातून एक पैसाही गेला नाही. कित्येक कॅसेटींत कर्त्या कंपनीचे नावसुद्धा पुसलेले असे. निंटेंडो हा शब्द मी महाविद्यालयात गेल्यावर ऐकला. उएमुरांचे नाव तर २०२१ साली ते वारले तेव्हा प्रथम वाचले. ज्याच्या यंत्रावर माझी चार-पाच वर्षे गेली त्याचे नाव मला त्याच्या मृत्यूच्या बातमीतून कळावे, याची मला आजही थोडी लाज वाटते.

पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. निंटेंडोच्या हिशेबात या यंत्राची विक्री सुमारे ६ कोटी १९ लाख आहे. त्यात आमचे यंत्र नाही, डेंडी नाही, चीन-तैवानची असंख्य यंत्रे नाहीत. जगाच्या मोठ्या भागात घरात आलेला पहिला संगणक हाच होता, आणि व्हिडिओ गेमच्या इतिहासात त्याला तळटीपेपुरती जागा मिळते. २००८ साली अमेरिकेतील एमआयटीच्या एका कार्यशाळेत डेरेक लोमास आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे लक्ष याच यंत्राकडे गेले. भारतात त्याची कळफलक जोडलेली आवृत्ती सुमारे १२ डॉलरला मिळत होती. जुन्या चिपांची एकस्वे संपलेली असल्याने तिच्यासाठी शैक्षणिक खेळ लिहावेत, अशी त्यांची कल्पना होती. ती फारशी पसरली नाही. स्वस्त मोबाइल फोन आला आणि सगळेच बदलले. मला वाटते, कल्पना चूक नव्हती, उशिरा सुचली होती.

आता बंदूक. ‘डक हंट’ हा खेळ १९८४ सालचा. बंदुकीतून काहीही बाहेर पडत नाही. नळीत एक भिंग आणि प्रकाश ओळखणारा घटक असतो. खटका ओढला की एका चित्रापुरता पडदा काळा होतो आणि पुढच्या चित्रात बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आपल्या टीव्हीवर एक चित्र म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग. आधी अंधार आणि लगेच उजेड दिसला तरच नेम लागला. बंदूक बल्बकडे रोखली तर काळ्या चित्राच्या वेळीही उजेड दिसतो आणि लबाडी पकडली जाते. बदके दोन असली तर चौकोन एकामागून एक उमटतात, आणि उजेड केव्हा दिसला यावरून बदक कोणते ते ठरते.

जुन्या काचेच्या टीव्हीत विद्युत-संकेत येताक्षणी इलेक्ट्रॉनांचा झोत पडद्यावर उमटतो. सपाट टीव्ही मात्र आलेले चित्र आधी साठवतो, सुधारतो, मग दाखवतो. यात काही शतांश सेकंद जातात. चौकोन पडद्यावर उमटेपर्यंत खेळाने ‘नेम चुकला’ असा निकाल देऊन टाकलेला असतो.

भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, ‘मग जुना टीव्ही आणू.’ आमच्या शेजारी रांजणगावात टीव्हीचा कारखाना आहे, पण काचेचा टीव्ही तेथे मिळणार नव्हता. दोन दिवस फिरल्यावर शिरूरच्या एका भंगारवाल्याकडे एक चौदा इंची संच मिळाला. त्याचे तांबे काढायला तो दुसऱ्या दिवशी फोडणार होता. संच घरी आणून तीन नंबरच्या चॅनेलवर लावला, बराच वेळ मुंग्या दिसल्या, मग बदक उडाले. भाच्याने पहिल्याच गोळीत ते पाडले.