पत्रादेवीची वेस आणि एक राष्ट्रीय पारितोषिक

पेडणे व डिचोली हे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीजांच्या अमलाखाली गेले. सत्ता बदलली, तरी मराठीशी त्यांचे नाते तुटले नाही. याच पेडणे महालाच्या वेशीवर, पत्रादेवी येथे, १५ ऑगस्ट १९५५ रोजी पंजाबचे तरुण सत्याग्रही कर्नैलसिंग बेनिपाल पोर्तुगीजांच्या गोळीने हुतात्मा झाले. पुढे १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला.

गोव्याच्या या लढ्यावर ख्वाजा अहमद अब्बास यांनी १९६९ मध्ये ‘सात हिंदुस्थानी’ हा चित्रपट काढला. त्यातील ‘आंधी आये के तूफाँ’ या गीताबद्दल कैफी आझमी यांना गीतरचनेचे राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. अब्बासांनी एका प्रांताच्या नटास मुद्दाम दुसऱ्या प्रांताची भूमिका दिली होती. पंजाबी सत्याग्रही रंगविला तो बंगालच्या उत्पल दत्तांनी.

ही योजना कित्येकांस कृत्रिम वाटेल. आम्हांस ती तशी वाटत नाही. पेडण्यात कर्नैलसिंगांचे ना गाव होते, ना गोत. तरीही हा मुलूख त्यांनी आपला मानला. नटांनी पडद्यावर जे दाखविले, ते त्यांनी चौदा वर्षे आधी प्राण देऊन सिद्ध केले होते. म्हणून वर्गात या गीताचा उल्लेख करताना पारितोषिकाच्या आधी पत्रादेवीचे नाव घ्यावे, एवढेच आम्हांस शिक्षकबंधुभगिनींस सुचवावयाचे आहे.