सायकलींचे पुणे आणि रस्त्यांची वाटणी

विसाव्या शतकातील कित्येक दशके पुणे 'सायकलींचे शहर' म्हणून ओळखले जाई. ही ओळख शहराच्या ठेवणीतून आली होती. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव या पेठा पायी चालणाऱ्यांच्या अंतराने वसल्या होत्या. घर, शाळा, देऊळ आणि मंडई ही ठिकाणे जवळजवळ होती आणि रस्त्यांवर मोटारी तुरळक होत्या. त्यामुळे सायकल आली तेव्हा तिला निराळी वाट मागावी लागली नाही.

विद्यार्थी, शिक्षक, कारकून, दूधवाले आणि पेपरवाले सायकलीवरूनच फिरत. खडकीचा दारूगोळा कारखाना 1869 पासून चालू होता, पिंपरीत 1954 मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभा राहिला आणि पाळी सुटली की कामगारांच्या सायकलींनी रस्ते भरून जात. ज्यांच्याकडे स्वतःची सायकल नव्हती ते ती तासावर भाड्याने घेत. दुकानदार वहीत नाव आणि वेळ टिपून घेई. गिऱ्हाईक घंटा वाजवून, ब्रेक दाबून आणि चाकातली हवा चाचपून मगच निघे. मुलांसाठी छोट्या सायकली असत. अनेक पुणेकर अशा भाड्याच्या सायकलीवरच पहिल्यांदा पडले आणि शिकले.

सायकलीला वाहन म्हणून नियमही लागू होते. तिच्यावर कर भरावा लागे आणि भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा कोणी डबलसीट बसले, तर पोलीस दंड करीत. हे सारे नियम सायकलस्वाराने कसे वागावे याविषयी होते. रस्त्याचा किती भाग त्याचा, हे मात्र कुठेच ठरलेले नव्हते. रहदारी संथ होती तोवर ही उणीव जाणवली नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले. नदीकाठची वस्ती उद्ध्वस्त झाल्यावर पूरग्रस्तांसाठी गोखलेनगर, सहकारनगर अशा वसाहती उभ्या राहिल्या. कारखानदारी वाढली तसे शहर चहूबाजूंनी पसरले आणि घर ते काम हे अंतर लांबले. 1972 मध्ये बजाजची चेतक आणि कायनेटिकची लूना बाजारात आली. लूना सायकलीपासून एकच पायरी वर होती, कारण तिला पायडलही होते. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे नंबर लावून थांबावे लागे. 1991 नंतर परवान्यांचे बंधन सुटले, कर्जे सोपी झाली आणि घरोघरी दुचाकी आली. रस्तारुंदीत पदपथ आक्रसले आणि सायकलची दुकाने एकामागून एक बंद पडली. 2018 मध्ये शहरातील नोंदणीकृत वाहनांची संख्या 36 लाखांवर, म्हणजे लोकसंख्येच्याही पुढे गेल्याचे जाहीर झाले.

केंद्र सरकारने 2006 मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण आणले. रस्ते माणसांच्या ये-जा करण्यासाठी आहेत, वाहनांची सोय हा त्यांचा मुख्य हेतू नव्हे, हा विचार त्याच्या मुळाशी होता. त्याच वर्षाच्या अखेरीस कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी ही जलद बससेवा सुरू झाली. बसच्या राखीव मार्गिकेबरोबर तिथे सायकल मार्गही आखले गेले. पण त्या मार्गांत कुठे विजेचा खांब, कुठे वीजपुरवठ्याची पेटी (डीपी), कुठे उभ्या केलेल्या दुचाक्या येत. प्रत्येक फाटकापाशी मार्ग तुटे आणि सायकलस्वाराला मुख्य रस्त्यावर उतरावे लागे. जो मार्ग सलग नाही, त्याचा भरवसा कोणी धरत नाही. ते मार्ग ओस पडले आणि 'सायकल कोण चालवतो?' असे म्हणायला निमित्त मिळाले.

महापालिकेने 2016 मध्ये पादचारी धोरण आणि 2017 मध्ये सायकल आराखडा मंजूर केला. जंगली महाराज रस्त्याच्या काही भागात रुंद पदपथ, बसायला बाक आणि सायकलींसाठी वेगळी पट्टी झाली. तिथे आजी-आजोबा आणि लहान मुले निवांत चालू लागली. अॅपवर मिळणाऱ्या भाड्याच्या सायकली मात्र मोडतोडीमुळे आणि देखभालीअभावी काही काळातच रस्त्यावरून नाहीशा झाल्या.

11 डिसेंबर 2021 रोजी नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा लक्ष्मी रस्त्याचा भाग वाहनांना बंद ठेवून पादचारी दिन पाळला गेला. रस्ता चालणाऱ्यांना मोकळा करून देणे पुण्याला नवे नाही. ज्ञानेश्वर आणि तुकाराम महाराजांच्या पालख्या आषाढीच्या वाटेवर इथे मुक्कामाला येतात आणि गणेश विसर्जनाला हाच लक्ष्मी रस्ता पायी चालणाऱ्यांचा होतो. तेव्हा वाहने दुसरीकडून वळवली जातात आणि शहर ते आनंदाने सोसते. अडचण रोजच्या दिवसाची आहे. पूर्वी पादचारी आणि सायकलस्वार यांचे रक्षण मोटारींच्या तुटवड्याने केले होते. आता ते काम आखणीने, सलग पदपथांनी आणि पार्किंगच्या नियमांच्या कडक अंमलबजावणीनेच करावे लागेल.