दिनविशेष : १५ डिसेंबर १८०३ – गाविलगडाचा पाडाव

इंग्रजांच्या ‘स्कॉच ब्रिगेड’ या जुन्या पलटणीच्या कॅप्टन कॅम्पबेलने, तोफांच्या भडिमाराने बाहेरील तटास खिंडारे पडूनही आतील तट अभंग उभा असताना, शिड्या लावून तो ओलांडला व आपल्या सैन्यास आतून दरवाजा उघडून दिला. भोसल्यांचा किल्लेदार बेनीसिंग धारातीर्थी पडला. दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहान्वये नागपूरकर भोसल्यांचा वर्धेच्या पश्चिमेकडील मुलूख, ज्यात आपला बाभुळगावचा परिसरही आला, त्यांच्या हातून गेला आणि पुढे निजामाच्या पदरात पडला. नवल असे की, एवढ्या रक्तपाताने घेतलेला गाविलगड मात्र भोसल्यांकडेच राहिला.