चार हातांतून आलेली गाडी

२००४ च्या ऑगस्टमध्ये माझ्या भाच्याचा अमेरिकेतून फोन आला. मध्यपश्चिमेतल्या एका विद्यापीठात तो एमएस करायला गेला होता. गाव लहान, बस तासाला एक आणि रविवारी तीही बंद. तो म्हणाला, "मामा, गाडी मिळतेय. जपानी आहे, छोटी, दोन दारांची, पण पळते जोरात. अठराशे डॉलर सांगतोय." कोण विकतोय, असे मी विचारले. "सीनियर आहे. आपल्या पुण्याचाच." मी म्हणालो, "आपलाच मुलगा आहे ना? मग बघतोस काय, घेऊन टाक."

चार महिन्यांनी, ऐन थंडीत, हमरस्त्यावर त्या गाडीचा टायमिंग बेल्ट तुटला. इंजिन दुरुस्त करण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त निघाला. गाडी भंगारात गेली आणि पोराची वर्षभराची पुंजी तिच्याबरोबर गेली.

विकणाऱ्याने फसवले का, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या मागे लागला. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे, तेही अर्धवट. पोट भरले ते दुकानांचे हिशेब लिहून. मोटारींतले मला काही कळत नव्हते. पण जुने अहवाल, कायदे आणि मोटारींची मासिके वाचत गेलो, तसे लक्षात आले की विद्यार्थ्याने स्वस्त, भरवशाची आणि थोडी चपळ अशी जुनी गाडी निवडणे यामागे पन्नास वर्षांचा इतिहास उभा आहे. त्यात यंत्राइतकाच विश्वासाचाही इतिहास आहे.

आधी यंत्राचा. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी अमेरिकेचा तेलपुरवठा रोखला आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. होंडाची सिव्हिक ही छोटी गाडी त्याच वर्षी अमेरिकेच्या बाजारात आली होती. तिच्या सीव्हीसीसी इंजिनाने १९७५ चे प्रदूषणाचे निकष धूर शुद्ध करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरशिवाय पाळून दाखवले, तेव्हा मोठ्या गाड्यांची सवय असलेल्या देशाला छोट्या गाडीची दखल घ्यावी लागली. तिकडे जर्मनीत फोक्सवॅगनच्या काही अभियंत्यांनी जवळजवळ गुपचूप एक प्रयोग चालवला होता. साध्या कुटुंबाच्या गोल्फ गाडीत त्यांनी ११० अश्वशक्तीचे इंजिन बसवले. सप्टेंबर १९७५ मध्ये फ्रँकफर्टच्या प्रदर्शनात ही गोल्फ जीटीआय लोकांसमोर आली. कंपनीचा अंदाज पाच हजार गाड्या खपण्याचा होता. पहिल्या पिढीच्याच साडेचार लाखांहून अधिक खपल्या. होंडाने हाच धडा गिरवत अमेरिकेत १९८५ ला सीआरएक्स एसआय आणि १९८६ ला सिव्हिक एसआय विकायला आणली. इंजिन दीड लिटरचे, शक्ती ९१ अश्वशक्ती. आज हा आकडा किरकोळ वाटेल. पण गाडी हलकी असल्यामुळे तेवढी ताकद पुरेशी होती.

विद्यार्थ्याच्या दृष्टीने या गाड्यांचे मर्म त्यांच्या साधेपणात होते. सांगाडा, दारे, ब्रेकचे बरेचसे भाग घरोघरच्या साध्या गाडीचेच. त्यामुळे सुटा भाग कुठल्याही गावात मिळणार आणि गल्लीतल्या मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला असणार. खास स्पोर्ट्स कार म्हणून घडवलेल्या गाडीत ही सोय नसते. पण याच गुणाला एक उलटी बाजू आहे. साध्या गाडीचा आधीचा मालक बहुधा बाजारहाट करणारा असतो. चपळ गाडी ज्याने घेतली त्याने ती पळवण्यासाठीच घेतलेली असते. दहा वर्षे इंजिन लाल रेघेपर्यंत तापवले, क्लच घासला, हे बाहेरून चकचकीत पत्र्यावर दिसत नाही. म्हणजे इथे गाडीचे मॉडेल पारखून भागत नाही, चालवणारा पारखावा लागतो. आणि तो तर समोर नसतो.

इथे विश्वासाचा इतिहास सुरू होतो. जॉर्ज अकरलॉफ हा तरुण अर्थशास्त्रज्ञ १९६६-६७ मध्ये कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठात नव्याने शिकवायला लागला होता. सडक्या गाडीला अमेरिकेत 'लेमन' म्हणतात. त्याने लेमनच्या बाजारावर एक छोटा निबंध लिहिला. मुद्दा कोणत्याही दुकानदाराला समजेल असा आहे. समजा, चांगली जुनी गाडी दोन हजारांची आणि सडकी एक हजाराची. कुठली कोणती हे विकणाऱ्याला ठाऊक, घेणाऱ्याला नाही. घेणारा मधली किंमत देऊ करतो, दीड हजार. त्या भावात चांगल्या गाडीचा मालक विकायला तयार होत नाही. तो बाजारातून उठला की मागे सडक्याच जास्त उरतात, भाव आणखी पडतो आणि शेवटी चांगला माल बाजारात येईनासा होतो. तीन नियतकालिकांनी हा निबंध परत पाठवला. क्षुल्लक विषय, असाही शेरा मिळाला. चौथ्याने तो १९७० मध्ये छापला आणि २००१ मध्ये अकरलॉफला दोन सहकारी अर्थशास्त्रज्ञांबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या वाचकाला रस वाटेल अशी गोष्ट म्हणजे, १९६७-६८ चे वर्ष अकरलॉफने दिल्लीत, भारतीय सांख्यिकी संस्थेत काढले. छापलेल्या निबंधात गाड्यांइतकाच भारतही आहे. बाजारातल्या तांदळात त्याच रंगाचे खडे मुद्दाम मिसळलेले असतात आणि गृहिणीला ते निवडावे लागतात, हे उदाहरण त्यात आहे. गावातल्या सावकाराचे दर चढे का, याचेही उत्तर आहे: कोण परतफेड करील हे फक्त त्याला ठाऊक असते. जातीजमातीच्या नात्यांवर उभ्या राहिलेल्या आपल्याकडच्या मॅनेजिंग एजन्सींकडेही तो याच नजरेने पाहतो. जिथे माहिती मिळत नाही तिथे माणसे ओळखीकडे वळतात. "आपलाच मुलगा आहे ना" हे माझे वाक्य या निबंधात जणू आधीच येऊन गेले होते.

ओळखीवर विसंबण्याऐवजी कागदावर विसंबावे, असा प्रयत्न अमेरिकेच्या सरकारने केला. मीटर मागे फिरवून गाडी कमी चाललेली दाखवणे केंद्रीय कायद्याने १९७२ मध्ये बेकायदा ठरले. १९८६ च्या कायद्याने मालकी बदलताना मैलांचा आकडा मालकीच्याच कागदावर नोंदवणे भाग पाडले. १९८१ च्या मॉडेलांपासून प्रत्येक गाडीला सतरा अक्षरअंकांचा एकसारखा ओळख क्रमांक मिळाला. आपल्याकडे जमिनीला सातबारा असतो, तसा गाडीलाही एक धागा मिळाला. त्याला धरून अपघात, मालक आणि मैल यांच्या नोंदी जोडता येऊ लागल्या आणि अशा नोंदी विकणे हाच पुढे एक धंदा झाला.

मात्र या इतिहासातली सर्वांत बोलकी नोंद एका गाळलेल्या कलमाची आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरने त्याला माहीत असलेले दोष काचेवरच्या कागदावर लिहावेत, असा नियम केंद्रीय व्यापार आयोगाने १९८१ मध्ये केला होता. १९८२ मध्ये संसदेने तो अडवला. असा नकाराधिकार घटनाबाह्य असल्याचा निर्वाळा १९८३ मध्ये न्यायालयाने दिला. पण आयोगाने नव्याने नियम काढला तेव्हा दोष लिहिण्याचे कलम त्यात नव्हते. १९८५ पासून काचेवर कागद आला, वॉरंटी आहे की 'आहे तशी' विक्री आहे एवढे तो सांगतो. आणि हा नियम डीलरपुरता आहे. एका विद्यार्थ्याने दुसऱ्याला गाडी विकली तर तेवढा कागदही नाही.

नावावर विसंबणे हाही ओळखीवर विसंबण्याचाच एक प्रकार. कॅलिफोर्नियातील फ्रीमाँट येथे जनरल मोटर्सचा बंद पडलेला कारखाना १९८४ मध्ये टोयोटाशी भागीदारीत पुन्हा सुरू झाला. तिथे टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम या गाड्या एकाच छताखाली बनत. आतले यंत्र बव्हंशी तेच, बिल्ला वेगळा. जुन्या बाजारात प्रिझम स्वस्त मिळे, कारण लोक कोरोलाच्या नावाला पैसे मोजत. प्रिझमची जीएसआय ही १३० अश्वशक्तीची चपळ आवृत्तीही १९९० ते १९९२ या काळात निघाली. ज्याने बिल्ल्याऐवजी कारखाना पाहिला त्या विद्यार्थ्याला टोयोटाचे टिकाऊपण अमेरिकन गाडीच्या भावात मिळाले.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. भाच्याच्या सीनियरला मी पुढे पुण्यात भेटलो. तो ओशाळला होता. त्याने ती गाडी आणखी एका सीनियरकडून घेतली होती, त्याने तिसऱ्याकडून. चारही हात आपल्याच मुलांचे. प्रत्येकाने तेल बदलले, टायर बदलले आणि पदवी मिळताच किल्ली पुढच्याच्या हातात ठेवली. टायमिंग बेल्ट हा रबराचा पट्टा ठरावीक मैलांनंतर बदलावाच लागतो; त्या इंजिनात तो तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. तो कधी बदलला होता, हे चौघांपैकी कुणालाही ठाऊक नव्हते.

अकरलॉफच्या बाजारात विकणारा जाणतो आणि घेणारा जाणत नाही. आमच्या बाजारात कुणीच जाणत नव्हते. लबाडी कुठेच नव्हती. उलट एकमेकांवरचा विश्वास इतका होता की पावती मागण्याचा संकोच वाटत गेला. परक्याकडून घेताना भाच्याने शंभर डॉलर देऊन गाडी मेकॅनिकच्या जॅकवर चढवली असती. आपल्या माणसाकडून घेतली, म्हणून चढवली नाही. बेल्टची पावती नाही, तर तो बदललेलाच नाही असे धरा आणि तो खर्च किमतीतून वजा करा, एवढे त्या मेकॅनिकने पहिल्या पाच मिनिटांत सांगितले असते.

यंदा भाच्याची मुलगी तिकडेच कॉलेजला गेली. तिला २००६ नंतरची सिव्हिक हवी आहे, शक्यतो एसआय. त्या वर्षापासून सिव्हिकच्या इंजिनात पट्ट्याच्या जागी साखळी आली, हे तिने स्वतः शोधून काढले. विकणारी तिच्या मैत्रिणीची बहीण आहे. मला फोनवर म्हणाली, "आजोबा, ताईकडे सगळ्या पावत्या मागितल्या तर तिला वाईट वाटेल का?"

तीस वर्षे मी दुसऱ्यांच्या पावत्या तपासून पोट भरले. घरच्या माणसाला सल्ला देताना मात्र एका पावतीचे विचारायचे विसरलो होतो. मी तिला म्हणालो, "वाटू दे. माग."