भिंतीच्या पोटातले फडताळ

पुण्याच्या जुन्या पेठांतील एखादा वाडा पाडला जात असताना त्याची उघडी पडलेली भिंत ज्याने लक्षपूर्वक पाहिली असेल, त्याला माती-विटांच्या त्या हात-दीड हात जाडीत सोडलेले कोनाडे आणि सागवानी चौकटीत दोन झडपा बसविलेली फडताळे दिसली असतील. आणि स्वयंपाकघरातील कपाट ही अलीकडची वस्तू होय अशी त्याची समजूत असल्यास ती तेथेच दूर झाली असेल. पेशवाईतील गृहस्थ कपाट बाजारातून आणीत नसे. त्याची तजवीज जोते भरले जात असतानाच गवंड्याला सांगून होई, कारण उभ्या भिंतीत मागाहून खण काढणे म्हणजे तिचे बळ काढून घेणे होय.

या आखणीच्या मुळाशी वर्षाची बेगमी होती. राज्यकारभारातील अठरा कारखान्यांत धान्याचा अंबारखाना आणि मुदपाकखाना हे जसे दोन निरनिराळे कारखाने, तशीच सामान्य गृहस्थाच्या घरीही धान्याची काळोखी कोठी वेगळी आणि चुलीची खोली वेगळी. कोठीची किल्ली घरातील वडील बाईच्या कमरेला असे, आणि तेथून रोजचा शिधा मोजून निघे. स्वयंपाकघरात मग उरे ते हातासरशी लागणारे जिन्नस: कोपऱ्यात मडक्यांची उतरंड, मांजराच्या झेपेबाहेर टांगलेले शिंकाळे, चुलीच्या धगीपासून दूर दुभत्याचे फडताळ. स्वयंपाक बसून होत असल्यामुळे नित्याचा कोनाडा बसलेल्या बाईचा हात पोचेल इतक्याच उंचीवर ठेवीत. सणासुदीची पितळेची भांडी वरच्या फळीवर जात. तांबट आळीत ठोकून घडविलेली मोठी तपेली आणि हंडे कोणत्याही फडताळात मावणारे नव्हते. ते जमिनीवरच मांडले जात. कोणत्या फडताळाला सोवळ्यावाचून हात लावावयाचा नाही, हा निर्बंधही त्या मांडणीचाच भाग होता, आणि त्याचा भार घरातील स्त्रियांनी किती सोसला हे विसरून त्या व्यवस्थेचे कौतुक करणे मला प्रशस्त वाटत नाही.

12 जुलै 1961 रोजी पानशेतचे धरण फुटले, आणि नदीकाठच्या पेठांतील मातीच्या भिंती पाण्यात विरघळून अनेक वाडे जमीनदोस्त झाले. पुराने हलविलेल्या आणि पुढे वाढत्या वस्तीने दाटलेल्या या शहरात सिमेंट-लोखंडाच्या सांगाड्यावरील सदनिका उभ्या राहिल्या, तेव्हा आतली भिंत साडेचार इंचांची झाली. तिच्या पोटात फडताळ मावणे शक्यच नव्हते. ते बाहेर आले: प्रथम ओट्याखाली कडप्प्याच्या फरशीचे कप्पे म्हणून, पुढे भिंतीवर ठोकलेल्या स्टीलच्या मांडणीच्या रूपाने, आणि नंतर रुळांवर सरकणाऱ्या ट्रॉल्यांच्या रूपाने. बाई जमिनीवरून उठून ओट्यापाशी उभी राहिली, त्यामुळे प्रत्येक वस्तूची उंची नव्याने ठरवावी लागली. उभ्याने करावयाच्या कामासाठी स्वयंपाकघर इंचाइंचाने आखण्याचा प्रयत्न यापूर्वी 1926 साली जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे मार्गारेटे श्युट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद बाईंनी केला होता. कामगारवसाहतींतील सुमारे 10,000 घरांत त्यांचे स्वयंपाकघर बसले, आणि त्यात डाळ-तांदुळाकरिता ॲल्युमिनियमचे खण, तर पिठाकरिता किडीला न मानवणाऱ्या ओक लाकडाचा खण होता. कोणता जिन्नस कशात टिकतो हा त्यांचा प्रश्न आपल्या कोठीवाल्या आजीचाच प्रश्न होता.

आज नवे स्वयंपाकघर घेणारे कुटुंब बहुधा झडपेच्या रंगापासून आरंभ करते, याचे मला मनापासून वाईट वाटते. प्रथम मोजावयास हवा तो पिठाचा डबा, कुकर, परात, पोळपाट आणि स्वयंपाक करणाऱ्या माणसाचा खांदा. त्यानंतर पाहावी मोरीकडची ओल, कारण भुशाच्या दाबीव फळीत पाणी शिरले की ती फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. कडप्प्याचा कप्पा ओबडधोबड खरा, पण असे किती पावसाळे त्याने पचविले आहेत!

शुक्रवार पेठेत दिनकर केळकरांनी आयुष्य वेचून जमविलेल्या आणि 1975 साली राज्य शासनाच्या स्वाधीन केलेल्या संग्रहालयात गेले, की जुन्या घरांतील भांडी, अडकित्ते, दिवे काचेच्या कपाटांत नीट राखलेले दिसतात. ती ज्या खणांत पिढ्यानपिढ्या राहिली, ते मात्र उचलून आणण्याजोगे नव्हते. ते भिंतीबरोबरच गेले.